गवतात शोधलेली घंटा

अमेरिकेतला आमचा पहिला संसार शिकागोच्या पश्चिमेला एका अपार्टमेंटमध्ये मांडला गेला. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई दार ठोठावून विचारायला आल्या, की रोज संध्याकाळी तुमच्याकडे फुटतं ते काय? तो आमचा कुकर होता. त्या दिवसापासून पत्नी शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायला लागली आणि वर्षभर आम्ही जरा कच्चंच वरण खाल्लं. घरात चालायचो ते पायमोज्यांवर, आणि भारतात ट्रंककॉल लागला तरी दबक्या आवाजात बोलायचो. बाई आल्या नसत्या तरी आम्ही फारसे वेगळे वागलो नसतो. दोघंही तशाच घरांतून आलो होतो.

माझे वडील अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. त्यांना सही करता येत नसे. मी शिकलो ते गावाच्या जिवावर. एका मास्तरांनी आपल्या मुलाची पुस्तकं दिली, एका कंपाउंडरने दवाखान्याच्या बाकावर अभ्यासाला बसू दिलं. वडील मला तिथे पोचवायला येत आणि दारातच बजावत, "त्यांना आपला त्रास नको. खोकला आला तर बाहेर जाऊन खोक." मी तसंच केलं. शाळेत मी कधी छडी खाल्ली नाही. चूक केली आणि पकडला गेलो, असा अनुभव पंचविशी उलटेपर्यंत मला नव्हता. हे मी कौतुकाने लिहीत नाही. पुढे जे झालं ते कळायला याची गरज आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नेपरव्हिलला एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. खाली घरमालक एकटेच राहत. सत्तरीला टेकलेले, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली. आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणायचो. पत्नीने एकदा त्यांना वरणभात नेऊन दिला आणि तो थोडा कच्चा असल्याबद्दल माफी मागताना कुकरची हकिकत सांगितली. ते हसून हसून खोकायला लागले. "वाजू दे की ती शिट्टी! चाळीस वर्षं रेल्वेत काढली मी. शिट्टी नसेल तर मला करमत नाही."

त्या घरात आमचा कुकर पहिल्यांदा मोकळेपणाने वाजला.

बर्फात गाडी घसरली की ब्रेक दाबायचा नसतो, हे मला त्यांनी शिकवलं, एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात, शेजारी बसून, एकदाही आवाज न चढवता. पत्नीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी रस्ते दिसत नव्हते इतका बर्फ होता. आम्हाला त्यांनी आपल्या पिकअपमधून हॉस्पिटलात नेलं आणि मुलगी झाल्याचं कळेपर्यंत टोपी मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिले. रेस्टॉरंटात कुणी भेटलं की माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हा माझा इंजिनियर. अख्ख्या इलिनॉयमध्ये याच्याइतका काळजी घेणारा माणूस नाही." ते मला 'इंजिनियर' अशीच हाक मारत.

त्यांच्याकडे एक कुत्री होती, सेटर जातीची, पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, दोन वर्षांची. तिचा रुबाब बघून पत्नी तिला 'बाई' म्हणायची. "बाईंचं जेवण झालं का?" असं जिन्यातून विचारायची आणि तूप लावलेली पोळी खाली टाकायची. आजोबा तिला शिकारीसाठी तयार करत होते. शनिवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. बंदूक मी कधी हातात घेतली नाही. मी शाकाहारी आहे, हे सांगताना मला संकोच वाटला होता, तेव्हा ते म्हणाले, "चालेल. तू काय जेवतोस ते गवताला कळत नाही."

माझं काम कबुतरांचा पिंजरा उचलण्याचं आणि दोर धरण्याचं. एक कबुतर लहान पिंजऱ्यात घालून गवतात लपवायचं. कुत्रीला लांब दोर बांधून वाऱ्याच्या उलट दिशेने सोडायचं. पक्ष्याचा वास लागला की तिने थबकून, मान त्या दिशेला रोखून, पुतळ्यासारखं उभं राहायचं. मालक येईपर्यंत पुढे झेपावायचं नाही, भुंकायचं नाही. तिने पाऊल टाकलं की मी दोर घट्ट करायचा आणि तिला उचलून पुन्हा मागे आणून ठेवायचं. दहादा, वीसदा. मला ते फार आवडायचं. शिकवण्याची ती तऱ्हा मला माहीत होती. मीही तसाच शिकलो होतो.

ती जमीन सरकारी होती, घरापासून तासाभराच्या अंतरावर. मक्याच्या शेतांमध्ये सोडलेले उंच गवताचे पट्टे, मधून पाण्याचा एक चर. परवाना असलेल्या कुणीही यावं, लाकडी खोपटातल्या वहीत नाव लिहावं, नारिंगी टोपी घालावी आणि आपला पट्टा धरावा. चराच्या अलीकडचा एक पट्टा कुत्री शिकवणाऱ्यांसाठी होता, पलीकडे शिकार. वडिलांना पत्रात समजावून सांगताना मी लिहिलं होतं, की हे इथलं गायरान आहे. आणि गायरानासारखेच तिथले रिवाज कुठे लिहिलेले नव्हते. दुसऱ्याची नारिंगी टोपी दिसली की आपली कुत्री वळवायची. दुसऱ्याच्या कुत्र्याला हाक मारायची नाही. दुसऱ्याच्या वाऱ्यात उभं राहायचं नाही. सगळे ते पाळत, आणि न पाळणाऱ्याकडे नुसतं बघत.

आजोबांचा एक रिवाज मात्र तिथला नव्हता. ते कुत्रीच्या गळ्यात घंटा बांधायचे. चामड्याच्या वादीत ओवलेली लिंबाएवढी पितळी घंटा, त्यांच्या वडिलांची. ते उत्तरेकडच्या जंगलातले. तिथे झाडीत कुत्रं दिसत नाही, म्हणून ते कुठे आहे हे कानांनी ओळखायचं. घंटा वाजते आहे तोवर कुत्रं फिरतं आहे. थांबली की त्याला पक्षी सापडला. इकडच्या सपाट मुलखात कुणी घंटा बांधत नसे.

चराच्या पलीकडे एक जण बहुतेक दर शनिवारी यायचा. पस्तिशीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, जवळच्याच गावातला. एकटाच शिकार करायचा. ऑक्टोबरात एकदा खोपटापाशी वहीत नाव लिहिताना तो आजोबांना म्हणाला, "बाबा, तुमच्या कुत्रीच्या गळ्यातलं ते चर्च आता उतरवा. इथले सगळे फेझंट आयोवात पळाले."

"मग आयोवात जा," आजोबा म्हणाले. "तिथे मी अजून आलेलो नाही."

"येऊ नका. दोन राज्यांचं वाटोळं एकट्याने करू नका."

दोघंही हसले. फेझंट म्हणजे तिकडचा रंगीत पक्षी, कोंबड्याएवढा. त्याच्यासाठीच सगळे यायचे. मी हसलो नाही. त्यांच्या बोलण्यात थट्टा कुठे संपते आणि तक्रार कुठे सुरू होते, हे मला तेव्हा कळत नसे. घरी जाताना मी आजोबांना म्हटलं, "त्यांना खरंच त्रास होत असेल का?"

"त्याला? त्याला नेम धरता येत नाही, म्हणून तो घंटेवर घसरतो."

माझं समाधान झालं नाही. पुढचे दोन शनिवार घंटा वाजली की ती थांबवायला धावावंसं वाटायचं, कुकर उतरवायला पत्नी धावायची तसं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आजोबांचा गुडघा फार दुखत होता. ते पिकअपमध्ये थर्मास घेऊन बसले. घंटा त्यांनी स्वतः बांधली आणि म्हणाले, "आज कबुतरं नकोत, दोर नको. नुसती पट्ट्याच्या टोकापर्यंत फिरवून आण. शिट्टी आहे ना? दिसेनाशी झाली तरी घाबरू नकोस. ऐकत राहा."

पहिल्यांदाच ती माझ्या एकट्याच्या हाती होती. वळणावरून पिकअप दिसेनासा झाला आणि चराच्या पलीकडे मला नारिंगी टोपी दिसली. तोच होता. दबकत, एकेक पाऊल टाकत चालला होता. बाई उड्या मारत होती आणि ती घंटा सगळ्या शिवारभर वाजत होती. त्याने मान वळवून आमच्या दिशेला पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. पण मला तेवढं पुरलं. मी तिला बोलावलं, गुडघ्यावर बसलो, वादी सोडवली, घंटेची जीभ बोटाने धरली आणि घंटा हातमोज्यात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली. मला अगदी बरं वाटलं. सभ्यपणाने वागल्यासारखं. त्या माणसाने मनातल्या मनात आपले आभार मानले असतील, असंही वाटून गेलं.

बाई गवतात शिरली. गवत माझ्या छातीपर्यंत होतं. थोडा वेळ शेंडे हलताना दिसले, मग तेही नाही. मी ऐकत राहिलो, आणि ऐकायला काही नव्हतं. शिट्टी तोंडाला लावली, पण तीही जोरात वाजवायची हिंमत झाली नाही. एवढ्यात चराच्या काठावरून एक फेझंट फडफडत उठला आणि वर न जाता गवताला घासून आमच्याच बाजूला आला. बार झाला. त्याच्या मागोमाग बाईची किंचाळी.

तो माझ्या आधी तिच्यापाशी पोचला. चरातल्या पाण्याने तो कमरेपर्यंत भिजला होता. अंतर बरंच होतं, म्हणून खांद्यात थोडेच छर्रे शिरले होते. पण एक उजव्या डोळ्यात गेला होता. त्याने आपला कोट काढून तिला गुंडाळलं आणि उचलून पळत सुटला. आजोबा लंगडत समोरून येत होते. त्यांनी एका हाताने तिचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने गळा चाचपला.

"घंटा कुठे आहे?"

त्यांनी ते माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, "पडली वाटतं."

एवढंच. त्या वेळी मला कळलंसुद्धा नाही की मी खोटं बोलतो आहे. तोंडातून आपोआप गेलं. पण पुढचे पाच महिने ते मी रोज नव्याने बोललो, गप्प राहून.

जनावरांच्या दवाखान्यात तो माणूस भिजलेल्या पँटने जमिनीवरच बसला. "घंटा ऐकू आली नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आधी वाजत होती. मग बंद झाली, किती तरी वेळ बंद. मला वाटलं तुम्ही परत गेलात. गवत रिकामं आहे असं वाटलं मला."

आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही. वादी जुनी झाली होती, तडे गेले होते. उन्हाळ्यातच बदलायला हवी होती. बदलू, बदलू म्हणत राहिलो. ही चूक माझी आहे."

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. माझा हात खिशात होता आणि बोटं हातमोज्याला लागत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. आत डॉक्टर डोळा काढत होते. हे झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आजोबा म्हणाले, "वडिलांची घंटा आहे, शोधून बघू." तो माणूसही आला. आम्ही तिघं तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरलो. आजोबांना वाकता येत नव्हतं, ते काठीने गवत बाजूला करत. तो माणूस गुडघ्यांवर रांगत, मुळं चाचपत चालला होता. आणि मीही त्याच्या शेजारी रांगत होतो, गवत उपसत होतो, घरी मोज्यांच्या खणात ठेवलेली घंटा शोधत होतो. एकदा तर मी म्हणालोसुद्धा, "इकडे बघितलं का आपण?" आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी विसरलो, पण माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढच्याच आठवड्यात ती घंटा पत्नीच्या हाती लागली. ती घंटा घेऊन स्वयंपाकघरात आली.

"अहो, ही सापडली? मग आजोबांना दिली का नाही?"

मी सांगितलं.  मुलगी कडेवर होती, ती घंटेकडे हात करत होती.

"मग सांगा ना जाऊन."

"सांगतो."

"कधी?"

"बाई जरा बरी होऊ दे."

"बाई बरी होईल हो. मी तुमचं विचारते आहे."

आमचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर होते. तिने ती घंटा उचलून पूजेच्या घंटेशेजारी ठेवली. "राहू दे इथेच. रोज आंघोळ करून नमस्कार कराल तेव्हा दिसेल." मग त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मी रोज नमस्कार केला, आणि रोज कपाटाचं दार लावून ऑफिसला गेलो.

मी का बोललो नाही? आजोबांनी घराबाहेर काढलं नसतं, हे मला माहीत होतं. भीती त्याची नव्हती. ते मला सबंध राज्यातला सर्वांत काळजी घेणारा माणूस म्हणत, आणि ते ऐकायची मला सवय लागली होती. गावातल्या लोकांनी जे दिलं ते चांगल्या मुलाला दिलं होतं. चांगला मुलगा राहिलो नाही, तर ते सगळं मी लबाडीने घेतल्यासारखं होईल, असं काहीतरी मला वाटायचं. यात बाईचा डोळा कुठे बसत होता? कुठेच नाही. मी पाच महिने फक्त माझाच विचार केला.

त्या हिवाळ्यात बाई दारांच्या चौकटींवर आपटायची. आजोबा तिला रोज अंगणात फिरवत, नेहमी तिच्या उजव्या बाजूने, म्हणजे तिकडून भिंत आली तर आधी त्यांचा पाय लागावा. त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं. तो माणूस नाताळात एक केक घेऊन आला, दारातच उभा राहिला, आत आला नाही. शिकार सोडली म्हणाला. "ते गवत दिसलं की गाडी वळवतो." तो गेल्यावर आजोबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. "पोराला किती वेळा सांगितलं, चूक माझी म्हणून," ते म्हणाले. मी केक कापायला घेतला होता. मी सुरी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

मार्चच्या शेवटी, पक्ष्यांनी अंडी घालायच्या आत, आम्ही पुन्हा त्या जमिनीवर गेलो. आजोबांनी नवी घंटा घेतली होती, नवी वादी. पिकअपच्या मागे उभं राहून त्यांनी ती बाईच्या गळ्यात बांधली आणि मला म्हणाले, "ओढून बघ, इंजिनियर."

मी ओढली.

"अजून जोरात. माझ्या हातांवर आता माझा भरवसा नाही. तू बघितलंस की मला बरं वाटतं."

असं त्या शनिवारी झालं. पुढच्या शनिवारीही झालं. ते बाजूला उभे राहायचे आणि मी बकल तपासेपर्यंत तिला सोडायचे नाहीत. चाळीस वर्षं रेल्वेची चाकं तपासलेला माणूस. तिसऱ्या शनिवारी निघताना मी देवाच्या कपाटातून घंटा घेतली. पत्नी मुलीला भरवत होती. तिने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"ओढून बघ," ते म्हणाले, तेव्हा मी जुनी घंटा पिकअपच्या फळीवर ठेवली, वादीसकट. वादी अखंड होती. काही सांगायची गरज नव्हती, पण मी सगळं सांगितलं. ते घंटेकडे बघत होते. त्यांनी वादी दोन्ही हातांत धरून ताणली. तुटली नाही. मग विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"गाडीत बस."

 बाई आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, तिची आंधळी बाजू माझ्याकडे. त्या माणसाच्या घरामागे पत्र्याची शेड होती. आजोबा गाडीतून उतरले नाहीत. "तू जा," म्हणाले.

तो एका ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसत माझ्याकडे बघून जरा घाबरला. "कुत्री बरी आहे ना?"

"बरी आहे. घंटा तुटली नव्हती. मी काढली होती. तुम्ही बार टाकायच्या आधी."

तो हात पुसतच राहिला. चिंधी तेलाने काळी झाली होती, हात काही स्वच्छ होत नव्हते. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पण का?" त्याने विचारलं. आणि मग त्याचा चेहरा बदलला. "मी खोपटापाशी बोललो होतो, म्हणून?"

शेडमध्ये येईपर्यंत मी ठरवलं होतं, की आता एकही शब्द खोटा बोलायचा नाही. आणि खरं उत्तर 'हो' होतं. पण ते त्याच्या हाती देऊन मी मोकळा झालो असतो, आणि तो जन्मभर ते घेऊन बसला असता.

"नाही," मी म्हणालो. "मलाच तो आवाज नको होता."

 त्याला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. तो म्हणाला, "मी खाली मारला. घंटा असो, नसो. इतका खाली बार टाकायचा नसतो." मग पुन्हा ट्रॅक्टरखाली गेला. मी काही वेळ त्याच्या बुटांकडे बघत उभा राहिलो.

गाडीत बसल्यावर आजोबांनी विचारलं, "सगळं सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी गाडी सुरू केली. घरमालक म्हणून, शेजारी म्हणून त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. कुकर वाजत राहिला, पोळी जिन्यावरून खाली जात राहिली, मुलीला पहिली सायकल त्यांनीच जोडून दिली. पुढच्या ऑक्टोबरात खोपटातल्या वहीत आमच्या वरच्या ओळीत त्या माणसाचं नाव दिसलं. त्यावर बोट ठेवून आजोबांनी मला दाखवलं, आणि आम्ही पिकअपकडे गेलो. मी सवयीने घंटेसाठी हात पुढे केला. वडिलांची घंटा त्यांनी पुन्हा काढली होती. ते गुडघा सांभाळत, कष्टाने खाली बसले, वादी बाईच्या गळ्यात घातली, बकल लावलं आणि स्वतःच दोनदा ओढून बघितलं. मी कबुतरांचा पिंजरा उचलला. पुढची तीन वर्षं, त्यांचा गुडघा पार वाकेनासा होईपर्यंत, आम्ही दर शनिवारी असेच गेलो, आणि त्यांनी मला एकदाही ओढून बघायला सांगितलं नाही.